सात नंबरमधलं चौथं बदक

सात नंबरच्या मावशींना चित्रांतलं काही कळत नाही, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. चित्रसंग्रहालयात नोकरीला लागून त्यांना एकवीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली दोन सामानघरात गेली, लोकांच्या पिशव्या आणि छत्र्या सांभाळण्यात, आणि पुढची एकोणीस वरच्या मजल्यावरच्या सात नंबरच्या दालनात, कोपऱ्यातल्या एका बुटक्या लाकडी खुर्चीवर. काम एवढंच, की कुणी चित्रांना हात लावत नाही ना, हे बघायचं. एकोणीस वर्षांत त्यांनी लोकांना मुख्यतः तीनच वाक्यं ऐकवली. "हात नका लावू," "जरा मागे व्हा," आणि "जिन्याखाली, डावीकडे." तिसरं सगळ्यात जास्त वेळा. कारण सात नंबरपर्यंत पोचलेला माणूस चित्रांपेक्षा स्वच्छतागृहाच्या शोधात असायचा.

दालनात तीन लहान चित्रं होती, फळांची, आणि समोरची अख्खी भिंत व्यापणारं एक मोठं चित्र होतं. त्याचं नाव 'सकाळचं अंगण'. दाराच्या चौकटीला टेकून, गालावर हात ठेवून एक बाई उभी आहे, तिच्या पायाशी बादली आहे आणि बादलीभोवती बदकं. मावशींनी बदकांना नावं ठेवली होती. पुढचं फुगीर, त्याच्याकडे मान वळवून बघणारं भांडखोर, भिंतीशी बसलेलं आळशी, आणि बादलीमागच्या अंधारात नुसती चोच आणि एक डोळा दिसणारं चोरटं. सकाळी दालनाचं कुलूप काढलं की त्या आधी चौघांची हजेरी घ्यायच्या. "आहात ना रे सगळी?" असं विचारून मग खुर्चीवर बसायच्या. हा आपल्या नोकरीचाच भाग आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना संग्रहालयाला नवे साहेब आले.

साहेब तसे भले गृहस्थ, पण त्यांना परिपत्रकं काढायची भारी हौस. एकदा कुणी बडे पाहुणे येणार होते, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी परिपत्रक काढलं: 'पाहुणे येईपर्यंत मधले दार उघडू नये असे नाही, परंतु ते बंद नसल्याचे दिसू देऊ नये.' दारावरच्या काकांनी, म्हणजे बत्तीस वर्षं त्या दारावर उभ्या असलेल्या गृहस्थांनी, हे चार वेळा वाचलं, चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं, आणि मधला मार्ग काढला. दार वीतभर उघडं ठेवून ते मागून पाय लावून उभे राहिले. पाहुणे आले. सडपातळ होते ते आडवे होऊन आत शिरले. मुख्य पाहुणे सडपातळ नव्हते. ते अर्धे आत आणि अर्धे बाहेर असे अडकले. काका इमानाने पाय रोवून उभेच, कारण दार पूर्ण उघडण्याचा हुकूम नव्हता. शेवटी पाहुण्यांना दोघांनी आतून ओढलं आणि एकाने बाहेरून ढकललं. त्या भानगडीत त्यांच्या कोटाची दोन बटणं गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "आपल्या माणसांना वाचता येतं," ते म्हणाले, "पण वाचलेलं कळत नाही. हा दोष मुळापासून काढायला हवा."

परिपत्रक कुणी लिहिलं होतं, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मग आठवड्याभरात नवीन परिपत्रक निघालं: सर्व कर्मचाऱ्यांची वाचन-आकलन चाचणी होईल. कलेविषयीचा एक उतारा, त्यावर दहा प्रश्न. सहा बरोबर आले तर पास. नापास होणाऱ्याची तीन महिन्यांसाठी सामानघरात बदली.

सामानघर म्हटल्यावर मावशींनी परिपत्रक पुन्हा वाचलं. दोन वर्षांत तिथे काय काय सांभाळलं होतं, ते त्यांना आठवलं. ओल्या छत्र्या, एक जिवंत मासा, आणि एकदा तर एका माणसाने सांभाळायला म्हणून आपली सासूच बसवून ठेवली होती.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा नवरा शिलाई मशीनवर बसला होता. तो शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. मुलगी शाळेत शिकवायची; ती हातातल्या वह्या बाजूला ठेवून म्हणाली, "आई, त्यात काय एवढं! मी तयारी करून घेते. एकच नियम आहे. उताऱ्यात जे आहे तेच लिहायचं. आपल्या मनाचं काही घालायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण पोरांना तेच जमत नाही."

सरावासाठी उतारा हवा होता. घरात हाताशी लागला तो नवऱ्याच्या नव्या इस्त्रीबरोबर आलेला कागद. मुलीने मोठ्याने वाचलं, "इस्त्री पुरेशी तापल्यावर लाल दिवा आपोआप विझतो. हं, आई, सांग. लाल दिवा केव्हा विझतो?"

"इस्त्री तापल्यावर," मावशी म्हणाल्या.

"कुठला विझतोय!" मशीनवरून नवरा म्हणाला. "आपला आठ दिवस झाले, विझायचं नाव नाही."

"बाबा, उताऱ्यात विझतो."

"अगं पण इस्त्री ही इथे समोर आहे ना! बघ, पेटलेला आहे का नाही?"

"आहे, पण उत्तर विझतो असंच आहे."

"म्हणजे मी आंधळा?"

"अहो, तुमची परीक्षा नाहीये," मावशी म्हणाल्या. पण आतून त्यांना नवऱ्याचं म्हणणं पटत होतं. दिवा पेटलेला असताना विझतो म्हणायचं, हे त्यांच्या काही घशाखाली उतरेना. तरी मुलीचा मान राखून त्यांनी त्या आठवड्यात इस्त्रीचा कागद, खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी आणि गच्चीवर कपडे वाळत घालण्याविषयीची सोसायटीची नोटीस, अशा तीन उताऱ्यांवर पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

चाचणीच्या दिवशी संग्रहालय बंद होतं. व्याख्यानाच्या दालनात सव्वीस माणसं बाकांवर अंतर ठेवून बसली. घरात आजोबा झालेले लोक एकमेकांच्या कागदात डोकावत होते. चाचणी घ्यायला बाहेरून एक तरुण ताई आल्या होत्या. त्यांच्या गळ्यात घड्याळ आणि चेहऱ्यावर इस्त्री. उतारा लिहिला होता संग्रहालयाच्या कलातज्ज्ञांनी. कर्मचारी त्यांना भिंगवाले सर म्हणत, कारण त्यांच्या गळ्यात कायम एक भिंग लोंबत असे. त्या भिंगातून सरांनी काही पाहिल्याचं कुणाला माहीत नव्हतं. एकदा फक्त चहाच्या कपात पडलेली मुंगी पाहिली होती म्हणे.

मावशींनी कागद उलटला आणि त्यांचा चेहरा खुलला. उतारा त्यांच्याच चित्रावर होता! 'सकाळचं अंगण'! ही परीक्षा आपल्या घरच्या अंगणातलीच, असं वाटून त्यांनी ऐटीत वाचायला घेतलं.

'या चित्रातील उदास स्त्री ही सरत्या काळाची खूण होय,' असं उताऱ्यात म्हटलं होतं. 'तिच्या पायाशी असलेली तीन बदके अनुक्रमे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य सूचित करतात. बादली रिकामी आहे, कारण आयुष्यही अखेर रिकामेच असते.'

मावशींनी तिथंच पेन खाली ठेवलं. तीन? त्यांनी पुन्हा वाचलं. तीनच. मग चोरटं कुठे गेलं? आणि बादली रिकामी कोण म्हणतं? काठावर पाण्याची पांढरी रेघ दिसते की! एकोणीस वर्षं ती बादली भरलेली होती.

पहिला प्रश्न: 'चित्रात किती बदके आहेत?' मुलीचा नियम त्यांना आठवला. उताऱ्यात आहे तेच लिहायचं. त्यांनी 'ती' एवढं लिहिलंसुद्धा. मग बादलीमागचा तो एक डोळा आपल्याकडे बघतोय असं त्यांना वाटलं. एकोणीस वर्षं रोज हजेरी घेतलेल्या पोराला एका परीक्षेपायी गैरहजर लावायचं? 'ती' खोडून त्यांनी ठसठशीत अक्षरात 'चार' लिहिलं.

एकदा बांध फुटला आणि मग त्या थांबल्याच नाहीत. 'स्त्री उदास का आहे?' मावशींनी लिहिलं, 'ती उदास नाही. तिची दाढ दुखते आहे. गाल सुजलेला आहे, जवळून पाहावे, पण हात लावू नये.' 'बादली रिकामी का आहे?' 'रिकामी नाही.' 'चित्रातील प्रकाश कशाचा सूचक आहे?' 'दुपारी साडेतीननंतर तो खिडकीचा असतो. पडदा ओढला की जातो.' 'वार्धक्य कोणत्या बदकातून सूचित होते?' 'भिंतीशी बसलेले म्हातारे नाही, आळशी आहे.'

बाकीच्या पाच प्रश्नांत बदकं किंवा बादली नव्हती, ते त्यांनी उताऱ्यातून नीट उतरवून काढले.

दोन दिवसांनी निकाल फलकावर लागला. दारावरचे काका पहिले आले. दहापैकी दहा! बत्तीस वर्षांत काका वरच्या मजल्यावर एकदाही गेलेले नव्हते. त्यांचे गुडघे जिना चढू देत नसत. चित्र पाहिलेलंच नसल्यामुळे त्यांना उतारा अगदी स्वच्छ कळला होता. मावशींना दहापैकी पाच. नापास.

"एका मार्काने, मावशी," काका हळहळले. "तीन लिहायचं होतं. मी तीन लिहिलं."

"तुम्ही चित्र पाहिलंय का?"

"नाही बुवा. त्याचा परीक्षेशी काय संबंध?"

मावशी तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. एकवीस वर्षांत त्या खोलीत त्या पहिल्यांदाच जात होत्या. आत साहेब, चाचणीवाल्या ताई आणि भिंगवाले सर चहा घेत बसले होते.

"साहेब, बदकं चार आहेत," मावशी दारातूनच म्हणाल्या.

ताईंनी कागद काढला. "मावशी, वर लिहिलंय बघा. उत्तरे उताऱ्यानुसार लिहावीत. उताऱ्यात तीन आहेत."

"चित्रात चार आहेत."

"पण आम्ही चित्र तपासत नाही ना. आम्ही तुम्हाला तपासतोय."

"मला तपासा की! पण उद्या उताऱ्यात लिहिलं की मावशींना तीन हात आहेत, तर मी काय करू?"

"तर तीन लिहायचं," ताई न डगमगता म्हणाल्या.

भिंगवाले सर हसले. "बाई, त्या चित्रावर मी चाळीस पानांचं पुस्तक लिहिलंय. तीन बदकं, आयुष्याच्या तीन अवस्था. चौथ्या बदकाला अर्थच उरत नाही."

"अर्थ नसला तरी बदक आहे," मावशी म्हणाल्या.

साहेब माणूस भला, हे आधी सांगितलंच आहे. शिवाय पाहुण्यांच्या कोटाची बटणं तुटल्यापासून ते जरा सावध झाले होते. "वर जाऊन बघून तरी येऊ," ते म्हणाले.

सगळी वरात सात नंबरमध्ये आली. तमाशा आहे म्हटल्यावर काकाही गुडघे चोळत, कठडा धरत, एकेका पायरीला उसासा टाकत मागोमाग आले. सर चित्रापुढे उभे राहिले. छतातल्या झरोक्याचा उजेड नेमका बादलीवर पडत होता आणि चित्र त्या जागी आरशासारखं चकाकत होतं. "हे बघा," सर म्हणाले. "एक, दोन, तीन. बादलीमागे केवळ चकाकी."

साहेबांनी वाकून पाहिलं. चकाकी. ताईंनी टाचा उंचावून पाहिलं. चकाकी. मावशींनीही वाकून पाहिलं. चकाकी. मग त्यांच्या लक्षात आलं, की चोरटं आपल्याला उभ्याने कधी दिसलेलंच नाही.

"उभ्याने नाही दिसत ते," त्या म्हणाल्या. "माझ्या खुर्चीवर बसा. साहेब, आधी तुम्ही."

साहेब बुटक्या खुर्चीवर बसले. गुडघे हनुवटीला लागले. "थोडं डावीकडे," मावशी म्हणाल्या. "मान खाली. आणखी. आता बघा."

साहेबांनी मान आणखी वाकवली. मग ओरडले, "अरे, हे तर माझ्याकडेच बघतंय!"

नंतर ताई बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली आणि त्या चक्क हसल्या. मग काका बसले. त्यांना बसवायला सोपं गेलं, उठवायला दोघं लागली. सगळ्यात शेवटी सर. चित्रासमोर पहिल्यांदाच भिंग डोळ्याला लावून ते तिथे पाच मिनिटं बसले. एव्हाना दालनात आलेल्या चार-पाच प्रेक्षकांना वाटलं, की इथे बसूनच बघायची पद्धत आहे. ते सरांच्या मागे ओळीने उभे राहिले. एक आजी तर सरांना म्हणाल्या, "झालं असेल तर उठा हो, माझे पाय दुखतायत."

सर उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पण मग याचा अर्थ काय?" ते पुटपुटले. "बालपण, तारुण्य, वार्धक्य... आणि चौथं?"

"मेल्यानंतरचं असेल," काका म्हणाले. "म्हणून तर अंधारात आहे."

सरांनी काकांकडे टक लावून पाहिलं. मग खिशातून वही काढली आणि भराभरा लिहायला लागले.

मावशींना वाटलं, आता आपण पास. पण ताई जागच्या हलल्या नाहीत. "बदक आहे, हे मी मान्य करते," त्या म्हणाल्या. "पण उत्तर चूकच आहे. मार्क वाढवला तर उद्या प्रत्येक जण आपापलं बदक घेऊन येईल."

शेवटी साहेबांनी तोड काढली. उतारा चुकीचा होता, हे लक्षात घेऊन मावशींची एकटीची फेरपरीक्षा घ्यायची. नवा उतारा सर लिहितील. तोवर मावशींनी सामानघरात बसायचं.

सामानघरात ते आठ दिवस मावशींनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. वर सात नंबरमध्ये काकांना बसवलं होतं. ते तिथे चढले ते चढलेच, उतरणं त्यांना अवघड होतं. संध्याकाळी मावशी त्यांना खालूनच हाक मारून विचारायच्या, "आहेत ना सगळी?" आणि काका वरून ओरडायचे, "चारी हजर!"

सर मात्र त्या आठ दिवसांत पार वाहवत गेले. रोज सकाळी खुर्चीवर बसून ते चित्र बघत. एक बदक सापडल्यावर आणखी सापडायला काय हरकत आहे, असं त्यांना झालं. सातव्या दिवशी त्यांना दाराच्या लाकडात पाचवं बदक सापडलं. ती लाकडातली गाठ होती, हे काकांनी सांगून पाहिलं. सर म्हणाले, "तुम्हाला चौथं तरी दिसत होतं का?"

फेरपरीक्षेत मावशींनी कागद उलटला. 'चित्रात पाच बदके आहेत,' असं पहिल्याच ओळीत होतं. 'पाचवे बदक हे स्वतः कलावंताचे रूप होय.' पहिला प्रश्न, अर्थात, चित्रात किती बदके आहेत, हाच.

समोर ताई घड्याळ धरून बसल्या होत्या. मावशींनी पेन उचललं. पाच लिहावं तर खोटं, चार लिहावं तर ओल्या छत्र्या. बराच वेळ त्या पेनाचं टोपण चावत राहिल्या. मग त्यांची नजर कागदाच्या डोक्यावरच्या सूचनेवर गेली, आणि त्यातलाच एक शब्द उचलून त्यांनी सावकाश लिहिलं, 'उताऱ्यानुसार पाच.' पुढच्या प्रत्येक उत्तरामागे त्यांनी हाच शब्द लावला. स्त्री उताऱ्यानुसार उदास, बादली उताऱ्यानुसार रिकामी, आयुष्यसुद्धा उताऱ्यानुसारच रिकामं.

ताईंनी तिथंच तपासलं. दहापैकी दहा. कागद परत देताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, पाचवं मलाही नाही दिसलं."

"मग पाच बरोबर कसं दिलंत?"

"उताऱ्यानुसार," ताई म्हणाल्या, आणि दोघी तोंडाला रुमाल लावून हसल्या.

मावशी सात नंबरमध्ये परतल्या. पण आता तिथे शांतता उरली नव्हती. बदकाची बातमी गावभर झाली होती. लोक यायचे आणि आधी खुर्ची मागायचे. मावशींना दिवसदिवस उभं राहावं लागायला लागलं. शेवटी त्यांनी साहेबांकडे दुसऱ्या खुर्चीचा अर्ज केला. साहेबांनी त्यावर परिपत्रक काढलं, आणि ते नीट कळावं म्हणून आधी काकांना वाचायला दिलं. काकांनी सांगितलेल्या सात दुरुस्त्यांनंतर परिपत्रक असं निघालं: 'मावशींना खुर्ची द्यावी.' दुसऱ्याच दिवशी खुर्ची आली.

एका सुट्टीच्या दिवशी मावशी नवऱ्याला घेऊन आल्या. एकोणीस वर्षांत तो कधी आत आला नव्हता. गिऱ्हाइकांतून त्याला सवडच मिळाली नव्हती. मावशींनी त्याला मोठ्या अभिमानाने बुटक्या खुर्चीवर बसवलं, मान कशी धरायची ते दाखवलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

"दिसलं?"

"काय?"

"अहो, बदक!"

"हो, आहे की," नवरा म्हणाला. बदकात त्याला काडीचा रस नव्हता. तो बाईकडे बघत होता. उठून जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला. "अगं, हिच्या झग्याच्या बाह्या उलट्या लागल्यात."

"काहीतरीच."

"डावी उजवीकडे लावलीय. हे बघ." त्याने स्वतःच्या कोटाची बाही धरून दाखवली. "खांद्यावरचा जास्तीचा फुगा मागे यायला हवा, तो पुढे आलाय. आणि काखेत बघ कशी ओढ पडलीय. शिवणाऱ्याने घाई केली."

मावशींनी पाहिलं. चित्राकडे, मग कोटाकडे, मग पुन्हा चित्राकडे. फुगा पुढेच होता. ओढ पडलीच होती. एवढा मोठा झगा रोज डोळ्यांसमोर असून त्यांना ती कधी दिसली नव्हती.

"सरांना सांगू का?" जरा वेळाने त्यांनी विचारलं.

"सांगून काय उपयोग? त्यांना थोडंच शिवता येतंय."

दोघं बाहेर पडले. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता, म्हणून बसने न जाता ते चालतच निघाले. वाटेत नवरा तो झगा आपण कसा दुरुस्त केला असता, ते सांगत होता. आधी खांद्याचे टाके उसवायचे, मग बाह्या मोकळ्या करून वाफेने दाबून घ्यायच्या, मग मध्याची खूण जुळवून टाचण्या लावायच्या. मावशी मध्येमध्ये "बरं, मग?" म्हणत होत्या, आणि घर आलं तेव्हा तो अजून उजव्या बाहीवरच होता.